हृदयतपासणीच्या नावाखाली 22,649 रुपयांना गंडा

सिंहगड रोड, धायरी, नऱ्हे भागातल्या सोसायट्यांनो, सावध राहा. ‘199 रुपयांत संपूर्ण हृदयतपासणी’चा फ्लेक्स आज ना उद्या तुमच्याही क्लबहाउसवर लागेल.

आमच्या क्लबहाउसवर लागला होता, म्हणून मी त्या शिबिरात गेलो. ईसीजी काढला, तिथवर ठीक. मग धातूची एक कांडी हातात धरायला दिली, तिची वायर लॅपटॉपला. स्क्रीनवर सगळ्या पट्ट्या हिरव्या. तेवढ्यात पांढऱ्या कोटातला पोरगा म्हणाला, “सर, वय चुकलं वाटतं,” आणि 47 चं 57 केलं. मी म्हटलं, अहो, 47च बरोबर आहे. पण तोवर हृदयाची पट्टी लाल झाली होती. कांडी तीच, हात तोच, नुसता आकडा बदलला आणि माझ्या रक्तवाहिन्या तुंबल्या! सगळं डोळ्यांदेखत. आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. पण ज्याचे वडील 52व्या वर्षी अटॅकने गेलेत, त्याला बायकोसमोर “70 टक्के ब्लॉकेज, कधीही काहीही होऊ शकतं” म्हटल्यावर तो पट्ट्यांचे रंग तपासत बसेल का?

नोंदणी 199, ‘सविस्तर रिपोर्ट’ 1,450, नसा साफ करणाऱ्या सलाईनच्या 36,000च्या पॅकेजपैकी 21,000 आगाऊ. जागच्या जागी, यूपीआयने.

साध्या ईसीजीवरून ब्लॉकेजची टक्केवारी कळतच नाही. ठोक्यांची लय, झालेल्या अटॅकच्या खुणा कळू शकतात. टक्के दिसतात ते अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांत डाय सोडून काढलेल्या एक्स-रेत. हे नंतर हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितलं. माझी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि स्ट्रेस टेस्ट दोन्ही नॉर्मल, हृदयाचं पंपिंग 60 टक्के, म्हणजे तेही नॉर्मलच.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत म्हणाले, “पैसे तुम्हीच दिलेत ना, मग फसवणूक कसली?” अर्जसुद्धा घेतला नाही. आरोग्याच्या कार्यालयात म्हणे, कोटवाला डॉक्टर नाहीच, त्यामुळे आमच्याकडे येत नाही. अहो, डॉक्टर नाही हीच तर माझी तक्रार आहे! पुढच्या टेबलावर पावती उलटसुलट करून पाहिली. तीवर ‘वेलनेस सेवा’ एवढंच. “यात उपचार कुठे लिहिलेत?” आणि हॉलचं भाडं घेणाऱ्या आमच्या कमिटीनेही हात वर केले. कुणालाच काही देणंघेणं नाही.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आधी मागा, नंतर शर्टाची बटणं काढा. ‘आजच भरा’ म्हणाले की उठा. छातीत खरंच दुखलं तर शिबिर शोधू नका, 108 लावा. ग्राहक हेल्पलाइन 1915. मी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ‘वेलनेस सेवा’ लिहिलेली अशी पावती कुणाकडे असेल तर फाडू नका, मला कळवा, तक्रार एकत्र करू.