दोघं, एक गाडी आणि तंबू: लाहौल, स्पिती, झांस्करात वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो, कारण लांबलचक वाचायला सगळ्यांना वेळ नसतो. डोंगरात गाडीवर जाऊन उघड्यावर मुक्काम करायचा असेल आणि पैसे मोजकेच असतील, तर तंबू मध्यम घ्या आणि उरलेले पैसे अंगाखालच्या मॅटमध्ये घाला. दुकानात सगळे तंबूसमोर उभे राहतात. मॅट कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली असते, बिल करताना ‘हीपण घेऊन टाका’ म्हणून पिशवीत पडते. झोप मात्र तिच्यावरच ठरते.

सामान फेब्रुवारीत घेतलं. उन्हाळ्यात भंडारदरा, रतनवाडी, मुळशीच्या वरच्या बाजूला वापरलं. ऑगस्ट-सप्टेंबरात गाडी रेल्वेने पार्सल करून वर नेली आणि मनालीहून लाहौल, स्पिती आणि ‘शिंकू ला’ ही खिंड ओलांडून झांस्कर असं फिरलो. गाडी रॉयल एनफील्ड हिमालयन 411, मागे बायको. म्हणजे दोन माणसांचे कपडे, अवजारं, पंक्चर किट, पेट्रोलचा पाच लिटरचा कॅन आणि संसार, सगळं एकाच गाडीवर. तांदीच्या पंपावरची ‘पुढचा पंप 365 किलोमीटरवर’ ही पाटी फोटोंमुळे सगळ्यांना पाठ आहे. कॅन तिथूनच भरून घेतला. तो खाण्याच्या आणि झोपण्याच्या सामानापासून लांब, दुसऱ्या बाजूला बांधायचा. पेट्रोलचा वास एकदा स्लीपिंग बॅगेत शिरला की निघता निघत नाही.

तंबू दोन माणसांचा, दुहेरी भिंतीचा, अॅल्युमिनियमच्या पोलचा. वजन अडीच किलोच्या आसपास. पाठीवर घेऊन चालणारे शंभर-शंभर ग्रॅमचा हिशोब करतात, गाडीवाल्याला त्याचं फार कौतुक नाही. गाडीवाल्याने बघायची ती घडी केल्यावरची लांबी. पोलचे तुकडे लांब असले तर तंबू सॅडलबॅगेत आडवा बसत नाही, मग तो मागच्या सीटवर बंजीने, म्हणजे रबरी दोरीने, बांधावा लागतो, धूळ खातो, घसरतो. आमच्या तंबूची घडी 45 सेंटिमीटरची. पोल वेगळे काढून बॅगेच्या कडेला उभे सरकवले की बाकीचं कापड कसंही कोंबता येतं. आणि बंजी फक्त वरवरच्या हलक्या सामानाला. जड सामान रॅचेटच्या पट्ट्याने. बातलच्या अलीकडच्या दगडगोट्यांच्या रस्त्यावर बंजी ताणली जाते, सैल होते आणि तुम्हाला कळतही नाही.

आता वारा. वरच्या दऱ्यांमध्ये सकाळ अगदी शांत असते. ऊन तापलं की दुपारी बारा-एकपासून दरीतून वर वारा सुटतो तो संध्याकाळपर्यंत. लोसरकडच्या उघड्या मैदानात तो आडवा येतो, सोबत बारीक वाळू घेऊन. त्यामुळे चारच्या सुमारास थकून कुठेतरी थांबायचं आणि तेव्हाच तंबू लावायचा, म्हणजे भर वाऱ्यात लावायचा. आधी कापड जमिनीवर अंथरून चारही कोपऱ्यांवर दगड, मग पोल, मग फ्लाय (वरचं पावसाचं कापड), आणि तोंड वाऱ्याकडे नाही. दोन माणसं असतील तर एकाने कापडावर सरळ बसावं. बायको बसायची, मी पोल घालायचो.

तंबूसोबत आलेले पेग सह्याद्रीच्या मातीत छान रुततात. स्पितीत मातीच्या नावाखाली खडी आहे. तिथे पेग चार बोटं आत गेला की खालच्या दगडावर आपटतो आणि वाकतो. अर्धे पेग तसे वाकून परत आलेत. मग दगडच कामाला येतात. ताणदोरीचा फास एका लहान, लांबट दगडाला घालायचा, तो जमिनीवर आडवा ठेवायचा आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, एक मोठा दगड टेकवायचा. दोरी मोठ्या दगडाच्या खालून निघते, ओढ आली की लहान दगड मोठ्याला अडतो आणि वाऱ्याने जितकं ओढावं तितकं ते घट्ट होतं. दोरी थेट मोठ्या दगडाला गुंडाळली तर धारदार कडेवर रात्रभर घासून तुटते. तंबूसोबतच्या दोऱ्या आखूड असतात, तेव्हा तीन मिलिमीटरची पंधरा-वीस मीटर दोरी वेगळी न्याच.

वाऱ्याच्या बाजूची एक दोरी मी गाडीच्या क्रॅश गार्डला बांधायचो. काही लोक हँडलला बांधतात, ते करू नका. ओढीने गाडी तंबूवरच यायची. गाडी पहिल्या गिअरमध्ये, साईड स्टँडखाली चपटा दगड आणि गाडी तंबूपासून एवढी लांब, की पडली तरी आपल्या अंगावर येणार नाही.

जागा शोधताना नदीकाठाचा मोह होतोच. पाणी जवळ, गवत सपाट, फोटोही सुंदर. पण वरचं बर्फ दिवसभर वितळतं, ते पाणी नाल्यांतून दुपारनंतर खाली येतं, आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला संध्याकाळी गुडघ्यावर जातो. शिवाय थंड हवा रात्री उतारावरून खाली येऊन दरीच्या तळाशी साचते. म्हणून नदीपासून थोडं वर, एखाद्या पायरीसारख्या सपाटीवर थांबायचं. वरून दगड येण्याच्या खुणा आहेत का तेही बघायचं. उताराखाली ताजे, धारदार, धूळ न बसलेले दगड पडलेले असतील तर पुढे चला. नाले ओलांडायचे ते सकाळी लवकर, हे तिथला प्रत्येक ढाबेवाला सांगतो.

चंद्रतालच्या काठावर तंबू लावता येत नाही हे अजूनही अनेकांना माहीत नसतं. तलाव 2005 पासून रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, काठावर मुक्कामाला बंदी आहे, तंबूंची जागा बरीच अलीकडे आहे. आम्ही तिथल्या एका कॅम्पमध्ये पैसे देऊन राहिलो आणि तलावापर्यंत चालत गेलो. बंदी योग्यच आहे. तरीही काठावर प्लास्टिकचे चमचे दिसलेच.

खरा आडबाजूचा मुक्काम झाला तो शिंकू ला उतरून पलीकडे, गोंबो रंगजोनच्या परिसरात. खिंड 5,000 मीटरच्या वर, पलीकडे लखांग, मग तो एकटा उभा सुळका, आणि त्याच्यानंतर पहिलं गाव करग्याक. सुळका तिथल्या बौद्धांना पवित्र आहे. खाली ओढे आणि कुरण. कुरण मोकळं दिसलं तरी ते कुणाचं तरी चराईचं असतं. जनावरांमागे असलेल्या एका बाईंना ‘जुले’ करून हातवाऱ्यांनीच विचारलं. त्यांनी बोट दाखवून आम्हाला ओढ्यापासून जरा दूर, एका जुन्या दगडी आडोशाच्या मागे पाठवलं. वारा तिथे जवळजवळ नव्हताच. रात्री एक याक ताणदोरीला अंग घासत बसला, तंबू हलायला लागला, आणि आत आम्ही दोघं श्वास रोखून. सकाळी दोरीला काळे केस चिकटलेले होते. तंबू जसाच्या तसा. शिंकू ला खिंडीखालून 4.1 किलोमीटरच्या बोगद्याचं काम 2024 मध्ये सुरू झालंय. तो झाला की ही जागा बारमाही रस्त्यावर येईल. गावकऱ्यांना त्याची गरज आहे, आपल्या कॅम्पिंगच्या हौसेपेक्षा कितीतरी जास्त.

मॅट. आम्ही दोन प्रकारच्या नेल्या होत्या: एक घडीची फोमची, एक फुगवायची. मॅटची ऊब आर-व्हॅल्यूत मोजतात. साध्या फोमची दोनच्या आसपास असते, फुगवायची आमची चारच्या वर. सप्टेंबरात 4,000 मीटरवर पहाटे पारा शून्याखाली जातो आणि जमीन अंगातली ऊब ओढून घेते. स्लीपिंग बॅग खालून दबलेली असते, दबलेल्या पिसांत हवा राहत नाही, म्हणजे खालून बॅगेचा उपयोग जवळपास शून्य. फोमवर झोपलो त्या रात्री पाठ आणि कंबर गार, पोट गरम. ‘तंबू उडाला तरी चालेल, पण फुगवायची मॅट माझी,’ हे बायकोने सुरुवातीलाच जाहीर केलं. पुढे काझाच्या बाजारातून एक जाड घोंगडं घेतलं, ते माझ्या फोमखाली गेलं, तेव्हा माझं भागलं.

फुगवायच्या मॅटची एक गंमत माहीत असू द्या. संध्याकाळी तोंडाच्या गरम हवेने कडक फुगवली की मध्यरात्री ती मऊ पडते. वाटतं, पंक्चर झाली. झालेली नसते, आतली हवा गार होऊन आकसलेली असते. झोपण्याआधी पुन्हा चार फुंकरा मारल्या की झालं. खरं पंक्चर एकदा झालं, काट्याने, तेही रतनवाडीला. साबणाच्या पाण्याचा फेस फिरवून छिद्र सापडलं, सोबतचा पॅच लावला, अजून टिकून आहे.

स्लीपिंग बॅगेवर तीन तापमानं छापलेली असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. जाहिरातीत ठळक असतो तो सगळ्यात खालचा आकडा, आणि एक्स्ट्रीमचा अर्थ झोप येईल असा नाही, जीव कसाबसा वाचेल असा आहे. कम्फर्टचा आकडा बघून घ्या. आमच्या बॅगांचा कम्फर्ट शून्याला होता; त्याखाली गेलं की थर्मल, लोकरीचे मोजे, टोपी, आणि पायाशी गरम पाण्याची बाटली. बाटलीचं झाकण तीनदा तपासा.

स्टोव्ह स्क्रूच्या गॅसच्या डब्यावर बसणारा साधा घेतलाय, त्याची तक्रार नाही. डबा मात्र बघून घ्यायचा. शहरात सहज मिळणाऱ्या लांबुळक्या कॅनमध्ये बहुतेक नुसता ब्युटेन असतो, आणि ब्युटेन उणे 0.5 अंशाखाली वायू व्हायलाच तयार नसतो. पहाटे ज्योत मेणबत्तीएवढी होते. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण असलेला डबा घ्या. रेल्वेत आणि विमानात गॅसचे डबे नेता येत नाहीत, मनालीत ट्रेकिंगच्या दुकानांत मिळतात. चुलीचा विचारही करू नका. तिथे झाडं नाहीत, जी झुडपं आणि वाळलेलं शेण दिसतं ते कुणाच्या तरी हिवाळ्याची बेगमी असते.

4,200 मीटरवर पाणी सुमारे 86 अंशांनाच उकळतं. त्यामुळे डाळ शिजत नाही, भात बाहेरून चिकट आणि आत कच्चा राहतो. दीड लिटरचा कुकर नेणारे आहेत, पण आमच्याकडे जागा नव्हती. घरून भाजून नेलेला रवा, पातळ पोहे, शेंगदाण्याची चटणी आणि पिठल्याचं तयार केलेलं पीठ यावर मजेत निघालं. पिठलं तिथेही पाच मिनिटांत होतं. सोबत सकाळी ढाब्यावरून बांधून घेतलेल्या रोट्या. पॅराशूट ढाबा (पॅराशूटच्या कापडाच्या तंबूतला) दिसला की मात्र आम्ही मुकाट्याने मॅगीला शरण. खाण्याचं काहीही रात्री तंबूबाहेर ठेवू नका, कुत्री नेतात. बूटसुद्धा नेतात.

विरळ हवेबद्दल दोनच वाक्यं. अटल बोगद्यामुळे आता मनालीहून काही तासांत खूप वर पोहोचता येतं आणि शरीर तेवढ्या वेगाने वर येत नाही, म्हणून पहिले मुक्काम आम्ही जिस्पा-केलाँगच्या उंचीवर केले. डोकं दुखत असताना वर जाऊन आडजागी तंबू लावणं म्हणजे मदतीपासून मुद्दाम लांब जाणं.

बाकी तंबूच्या तक्रारी. आतून ओल धरतो. कोरड्या स्पितीतसुद्धा दोघांच्या श्वासाचं पहाटे फ्लायच्या आतल्या बाजूला बर्फ होतं आणि ऊन लागलं की टपटपतं. वरची हवेची खिडकी थंडी वाजली तरी उघडी ठेवायची, एवढाच उपाय. पावसाचं पाणी मात्र आत आलं नाही, आणि त्याची खरी परीक्षा हिमालयात झालीच नाही. मे महिन्यात भंडारदऱ्याला वळवाने जे झोडपलं, त्यात शेजारचे फायबरच्या पोलचे दोन तंबू मोडले आणि आमचा फक्त आडवा झाला, पाऊस थांबल्यावर पुन्हा उभा. अॅल्युमिनियमच्या पोलला दिलेले जास्तीचे पैसे त्या तासाभरात वसूल झाले.

झिप हा सगळ्यात कच्चा भाग. स्पितीची धूळ दातांत बसते, स्लायडर झिजतो, आणि मग झिप लागल्यासारखी दिसते पण मागून उकलत येते. जुन्या टूथब्रशने रोज झाडली तर बरी चालते. उकलायला लागली तर पकडीने स्लायडरच्या दोन्ही कडा अगदी हलक्या हाताने दाबायच्या. जोरात दाबलं तर तुटतो. आमचं दार या उपायावर झांस्करपासून घरापर्यंत आलं. कंपनीला लिहिलं, तर ‘धुळीमुळे झालेली झीज वॉरंटीत येत नाही’ असं उत्तर आलं. डोंगरासाठीचा तंबू धुळीत वापरायचा नाही तर कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही.

घरी आल्यावर फ्लाय साध्या पाण्याने धुऊन सावलीत दोन दिवस वाळवला. ओलसर ठेवला तर आपल्याकडच्या दमट हवेत आतला पाणी अडवणारा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर चिकट होतो, वास येतो आणि पापुद्रे सुटतात. तो मग दुरुस्त होत नाही. स्लीपिंग बॅगा त्यांच्या आवळलेल्या पिशवीत न ठेवता मोठ्या सुती अभ्र्यांत मोकळ्या ठेवल्यात. पेग नवे घेणार आहे, जाड स्टीलचे, निदान सहा. झिपचा स्लायडर पेठेतल्या बॅगा दुरुस्त करणाऱ्याने बदलून दिला, ऐंशी रुपयांत, उभ्या उभ्या.