कव्हरसकट घ्यावा असा गेम : मेटल गिअर सॉलिड

‘मेटल गिअर सॉलिड’ हा व्हिडिओ गेम मी पहिल्यांदा विकत घेतला तेव्हा तो साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. आत दोन चकत्या, त्यांवर मार्करने लिहिलेले १ आणि २ हे आकडे, आणि बाकी काही नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या दुकानात सगळेच गेम असे मिळत, आणि कव्हर मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार दुधाबरोबर किटलीही मागावी तसा पाहत असे. गेल्या वर्षी मूळ संच कव्हरसकट हाती आला, म्हणून माळ्यावरचे प्लेस्टेशन हे गेम खेळायचे यंत्र काढले. त्याची लेन्स आता इतकी दमली आहे की यंत्र उलटे ठेवले तरच चकती वाचते. तशा अवस्थेत गेम पुन्हा शेवटपर्यंत खेळलो.

कोनामी कंपनीने १९९८ साली हा गेम आणला. हिदेओ कोजिमा यांनी १९८७ मध्ये एमएसएक्स२ या संगणकासाठी केलेल्या ‘मेटल गिअर’चा हा पुढचा अवतार. अलास्काजवळच्या शॅडो मोझेस बेटावरचा अण्वस्त्रे निकामी करण्याचा तळ बंडखोर सैनिकांनी ताब्यात घेतला आहे आणि सॉलिड स्नेक या एकट्या माणसाला तिथे शिरायचे आहे. कथा पुढे बरीच फाटे फोडते. त्यात जनुकशास्त्र येते, जुळे भाऊ येतात, अण्वस्त्रांवरची लांबलचक व्याख्याने येतात.

खरी गंमत शिरण्यात आहे. पडद्याच्या कोपऱ्यातल्या रडारवर प्रत्येक पहारेकऱ्याची नजर निळ्या पंख्यासारखी दिसते आणि त्या पंख्याबाहेर राहणे एवढेच आपले काम असते. पहिल्याच हेलिपॅडवर बर्फ आहे. त्यावर आपली पावले उमटतात, आणि पहारेकऱ्याला ती दिसली की तो मान खाली घालून त्यांचा माग काढत थेट आपल्या आडोशापर्यंत येतो. डबक्यातून धावले तर आवाज होतो. पुठ्ठ्याच्या खोक्याखाली लपता येते, पण खोके हलताना दिसले तर खेळ संपला. पन्हाळ्याच्या परिसरात वाढलेल्या माणसाला शत्रूची नजर चुकवून निसटण्यात कमीपणा वाटत नाही; तरीही दिसेल त्याला गोळी घालायच्या गेमवर पोसलेल्या आम्हा पोरांना भिंतीला पाठ लावून अर्धा मिनिट नुसते थांबणे जमायला आठवडा लागला.

आता कव्हरची गोष्ट. ओलीस ठेवलेला एक कंपनीप्रमुख स्नेकला सांगतो की मेरिल नावाच्या मुलीशी रेडिओवर बोल, तिचा क्रमांक सीडीच्या कव्हरच्या मागे आहे. त्याच प्रसंगात तो आपल्या हाती एक चकतीही देतो, त्यामुळे कोणीही आधी तीच चकती उलटीसुलटी करून पाहणार. वास्तविक तो आपल्या हातातल्या, खऱ्या कव्हरबद्दल बोलत असतो : मागच्या बाजूला छापलेल्या एका छोट्या चित्रात १४०.१५ हा आकडा दिसतो. पिशवीवाल्या आम्हाला हे कळायला मार्ग नव्हता. स्नेकला रेडिओवरून सूचना देणाऱ्या कर्नलच्या १४०.८५ या क्रमांकापासून एकेक पायरी खाली सरकत, प्रत्येक आकड्यावर थांबून, मी आणि माझ्या मावसभावाने ती मुलगी शोधली, आणि त्यात एक अख्खी दुपार गेली. दुकानदाराने पैसे दोन चकत्यांचे घेतले, गेमचा तिसरा भाग मात्र दिलाच नाही, ही तक्रार आजही कायम आहे.

सायको मँटिस या मनकवड्याची लढाई याच जातीची. तो आपले मेमरी कार्ड, म्हणजे खेळ जिथे साठवतो ती चकतीवजा पट्टी, वाचतो आणि त्यावर कोनामीचे दुसरे काही गेम सेव्ह असतील तर त्यांची नावे घेतो. मग कंट्रोलर जमिनीवर ठेवायला सांगून आपल्या इच्छाशक्तीने तो हलवून दाखवतो. आमचा डुप्लिकेट कंट्रोलर थरथरणारा नव्हता, त्यामुळे तेव्हा मँटिसची फजिती झाली. या वेळी मूळ, थरथरणारा ड्युअलशॉक कंट्रोलर शहाबादी फरशीवर ठेवला, तर तो घुर्रर्र आवाज करत चांगला वीतभर सरकला. याच लढाईत पडदा एकदम काळा होतो आणि कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत ‘व्हिडिओ’ऐवजी ‘हिदेओ’ उमटते. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत वडील तत्परतेने उठून टीव्हीच्या मागची वायर हलवत बसले होते. मँटिस बटणे आधीच ओळखत असल्याने कंट्रोलर दुसऱ्या खाचेत लावावा लागतो. म्हणजे खेळाडूला प्रत्यक्ष जागेवरून उठावे लागते. संगणकावर प्लेस्टेशनची नक्कल (एम्युलेटर) चालवून खेळणाऱ्यांना हा प्रसंग एखाद्या मेनूतून उरकावा लागतो, आणि त्यात त्याचा जीवच जातो.

दोष सांगितलेच पाहिजेत. पिस्तूल हाती असताना स्नेकच्या डोळ्यांतून नेम धरता येत नाही, त्यामुळे समोरासमोरची चकमक अंदाजाने चालते. स्नायपर वुल्फ या लांबून नेम धरणाऱ्या शत्रूला पाहिल्यावर दूरवरच्या शस्त्रागारात परत जाऊन तशीच लांब पल्ल्याची बंदूक आणावी लागते. शेवटाकडे तापमानाप्रमाणे आकार बदलणारी किल्ली आहे, ती एकदा थंड गोदामात आणि एकदा भट्टीजवळ नेऊन परत आणायची. कल्पना सुरेख, पण त्या येरझारा निव्वळ वेळकाढूपणा वाटतात. रेडिओवरची संभाषणे तर इतकी लांबतात की मध्येच उठून चहा टाकून आलो तरी कर्नल बोलतच होते.

पहिल्या फेरीला दहा-बारा तास पुरतात. छळाच्या प्रसंगात गोल बटण वेड्यासारखे दाबत तग धरला की एक शेवट आणि शरण गेलो की दुसरा, म्हणून दुसरी फेरीही होते. त्या प्रसंगाआधी सेव्ह जरूर करावे, कारण तिथे मेलात तर खेळ तिथूनच पुढे सुरू करता येत नाही. जुना संच कोणी विकत असेल तर चकत्यांवरचे ओरखडे नंतर पाहावेत. आधी कव्हर उलटे करून ते छोटे चित्र जागेवर आहे का, हे तपासावे.