पिशवी पिळून पाणी गाळायचा फिल्टर: डोंगरातल्या नदीकाठी काही महिने वापरल्यावर

तंबू ठोकण्यापुरती सपाट जमीन, फार तर एक खड्ड्याचा संडास, आणि पाणी म्हणाल तर समोर वाहतंय ते. अशा जागी मुक्काम करायचा तर पिण्याच्या पाण्याची सोय आपणच करायची. त्यासाठी मी गेले काही महिने पोकळ तंतूंचा फिल्टर वापरतोय. पिशवीत नदीचं पाणी भरायचं, तोंडावर फिल्टर फिरवून बसवायचा आणि पिशवी पिळायची. निकाल आधीच सांगतो: वस्तू चांगली आहे, हा खराब झाला तर पुन्हा असाच घेईन. पण तो किती हजार लिटर पाणी गाळतो याचे जाहिरातीतले आकडे नदीकाठी विसरायचे. तिथे त्याचे दोन वैरी आहेत, गाळ आणि रात्रीची थंडी. खोक्यावर दोघांची बोळवण एकेका ओळीत केलेली असते.

आत बारीक नळ्यांचा जुडगा असतो आणि नळ्यांच्या भिंतींना साधारण ०.१ मायक्रॉनची छिद्रं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे पाण्यातून पोटात जाऊन जुलाब लावणारे एकपेशी परजीवी. जिआर्डियाच्या पुटी (कवचातली रूपं) ८ ते १२ मायक्रॉनच्या, क्रिप्टोस्पोरिडियमच्या ४ ते ६; त्या बाहेरच अडकतात आणि पोट बिघडवणारे जिवाणूही. विषाणू मात्र इतके लहान की आरपार जातात. पाण्यात विरघळलेली कीटकनाशकं किंवा जड धातू तर हा फिल्टर अडवतच नाही. वरच्या अंगाला वस्ती असेल तर विषाणूंसाठी मी गाळलेलं पाणी उकळतोही; कीटकनाशकं आणि धातू मात्र उकळूनही जात नाहीत. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. २,००० मीटरच्या वर पाणी कमी तापमानालाच उकळतं, म्हणून तिथे तीन मिनिटं.

आता गाळ. बर्फाच्या पाण्यावर चालणारी नदी दिवसभर एकसारखी नसते. ऊन चढलं की वर बर्फ वितळतं आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत दुपार कलते. संध्याकाळी नदी फुगलेली आणि मातकट, पहाटे सगळ्यात उतरलेली आणि नितळ. आपण मुक्कामाला पोचतो नेमके संध्याकाळी, तहानलेले. तेव्हाचं पाणी थेट पिशवीत भरलं की सुरुवातीला धार बरी पडते, मग करंगळीएवढी होते आणि शेवटी दोन्ही हातांनी पिळूनही नुसते थेंब. जोर लावावा तर पिशवी शिवणीतून सुटते. माझ्या फिल्टरसोबत आलेली पिशवी तशीच गेली. कंपनीला फोटोसकट कळवलं, उत्तर आजतागायत नाही. नशिबाने फिल्टरचे आटे साध्या पाण्याच्या बाटलीला बसतात, त्यामुळे खोळंबा झाला नाही.

म्हणून आता घडीची बादली सोबत असते. संध्याकाळी ती भरून ठेवायची, सकाळी तळ न ढवळता वरचं पाणी घ्यायचं. वाळू आणि माती रात्रीत खाली बसते. हिमनदीतून येणारं पांढुरकं पाणी मात्र बसत नाही. त्यात खडक घासून झालेली पिठासारखी पूड असते आणि ती रात्रभर तरंगतच राहते. अशा ठिकाणी मुख्य नदीचा नाद सोडून बाजूने येणारा स्वच्छ ओहोळ शोधलेला बरा.

धार मंदावली की उलटी धुलाई. सिरिंजमध्ये गाळलेलं पाणी भरायचं आणि स्वच्छ पाणी येतं त्या तोंडातून जोरात मागे ढकलायचं. पहिल्या दाबाला विटकरी पाणी निघतं, चार-पाच वेळा केलं की निवळतं. सिरिंज घरी ठेवून वजन वाचवणारे लोक असतात. त्यांना नमस्कार. पण मोहीम संपेपर्यंत धुलाई लांबवली तर गाळ आत वाळतो आणि मग निघता निघत नाही.

थंडीचं प्रकरण जास्त गंभीर. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि दरीच्या तळाशी, म्हणजे नदीपाशीच साचते. वरच्या टप्प्यावर सगळं कोरडं असताना काठावरच्या तंबूवर दहिवर गोठलेलं मी पाहिलंय. एकदा वापरलेल्या फिल्टरमध्ये कितीही झटकलं तरी पाणी राहतंच. ते गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि नळ्या तडकतात. बाहेरून काही दिसत नाही, पाणीही येत राहतं, फक्त ते गाळलेलं नसतं. काही फिल्टरांत हवा फुंकून हे तपासता येतं. माझ्यात ती सोय नाही, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. त्यामुळे रात्री तो बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये घ्यावा लागतो. कुशीत असलं काही घेऊन झोपणं सुखाचं नाही. तरी गोठल्याची नुसती शंका आली तरी फिल्टर टाकून द्यावा असं माझं मत आहे.

याच कारणाने हल्ली तंबू काठापासून थोडा वरच लावतो. तिथे थंडी कमी लागते, वर कुठे पाऊस कोसळून रात्री पाणी चढलं तरी धोका नाही, आणि संडास-धुणीभांडी पाण्यापासून ६० मीटर लांब ठेवणंही सोपं जातं. पाणी मात्र वाहून आणावं लागतं. मग भरलेली पिशवी फांदीला टांगायची, खाली फिल्टर आणि बाटली. पिळायची गरज नाही, स्वयंपाकाची तयारी होईतो पाणी तयार. एवढंच पाहायचं की न गाळलेल्या पिशवीचे ओघळ बाटलीच्या तोंडावर येता कामा नयेत.

किरकोळ दोन गोष्टी. फिल्टरच्या तोंडातला रबरी वायसर चटकन निसटतो आणि गोट्यांमध्ये पडला की सापडत नाही. दोन जादा ठेवा. आणि फिल्टर दगा देईल म्हणून क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या सोबत असू द्या, पण क्रिप्टोस्पोरिडियमसाठी त्यांना चार तास लागतात, तेव्हा गोळी टाकायची ती झोपायच्या आधी.