बीएएमएसच्या पुस्तकांसाठी ई-रीडर की टॅब? दोन्ही वापरलेत म्हणून लिहितेय

आधी माझी गरज सांगते, नाहीतर हा रिव्ह्यू वाचून कुणाला काही ठरवता येणार नाही. मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी करतेय, होस्टेलला राहते, आणि आमच्याकडे वाचायचं सामान तीन प्रकारचं असतं. एक संहिता, म्हणजे चरक आणि वाग्भट यांचे जुने संस्कृत ग्रंथ, पानावर वर मोठ्या टाइपात श्लोक आणि खाली बारीक टाइपात टीका, म्हणजे श्लोकाचं स्पष्टीकरण. दुसरं रचना शारीर, म्हणजे अॅनाटॉमी, त्यात पानोपानी रंगीत आकृत्या. आणि तिसरं म्हणजे सिनियर्सकडून आलेल्या नोट्स, झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून स्कॅन केलेल्या, अर्धी पानं तिरकी. हे सगळं ए-फोरच्या पीडीएफमध्ये. इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांचे रिव्ह्यू बघून मी पहिल्या वर्षी ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं किंडलसारखं मशीन, घेतला होता आणि तिथेच चुकलं, कारण त्यांचं वाचन वेगळं, माझं वेगळं.

तो ई-रीडर सहा इंची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाहीच, त्या साइजचं कुठलंही मशीन घेतलं असतं तरी हेच झालं असतं. सहा इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप असतं, प्रत्यक्षात पडद्याची रुंदी भरते जेमतेम ९ सेंटिमीटर. ए-फोरचं पान २१ सेंटिमीटर रुंद. म्हणजे पूर्ण पान दाखवायचं तर ते निम्म्याहून लहान होणार, आणि ८ पॉइंटमधली टीका साडेतीन पॉइंटची होऊन बसते. इंग्रजी अक्षर तेवढ्यातही एक वेळ ओळखू येतं, पण आपल्या देवनागरीत वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार, मध्ये द्ध, द्व, द्य सारखी जोडाक्षरं, ती सगळी एकमेकांत मिसळतात, आणि संस्कृत टीकेत एक अक्षर चुकीचं वाचलं की अर्थच फिरतो. झूम करून वाचायचं म्हटलं तर प्रत्येक ओळीला पान डावीकडे उजवीकडे सरकवा, आणि ई-रीडरचा ई-इंक, म्हणजे कागदासारखा दिसणारा पडदा मुळातच सावकाश बदलतो त्यामुळे प्रत्येक सरकवण्याला थांबावं लागतं. दोन पानं झाली की मी पुस्तकच उघडायचे.

बऱ्याच जणांनी सुचवलं की पीडीएफ ईपब या ई-पुस्तकांच्या फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट कर, मग अक्षर हवं तेवढं मोठं होतं. खरंय, पण ते फक्त ज्या फाइलमध्ये खरा युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनला अक्षर म्हणून वाचता येणारा मजकूर आहे तिचं. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यातलं अक्षर वाढवता येत नाही. आणि टाइप केलेल्या मराठी नोट्स बऱ्याचदा जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधल्या असतात, पडद्यावर छान दिसतात, पण आतला मजकूर कॉपी केला की भलतीच चिन्हं येतात, सर्च केलं तर एक शब्द सापडत नाही. ज्यांना नोट्समधून शोधून वाचायची सवय आहे त्यांनी घेण्याआधी एवढं नक्की तपासा, फाइल उघडून एक ओळ कॉपी करून पेस्ट करून बघा, अर्ध्या मिनिटात कळतं.

रचना शारीरला तर ई-रीडर चालतच नाही. आकृतीत आर्टरी लाल, व्हेन निळी, नर्व्ह पिवळी, लिंफॅटिक हिरवं, आणि साधा ई-इंक पडदा दाखवतो राखाडीच्या सोळा छटा. काखेतली आकृती बघितली तर सगळ्या राखाडी दोऱ्यांचा गुंता दिसतो. आता रंगीत ई-इंकही मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये काळी अक्षरं ३०० पीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) असली तरी रंगाचा भाग १५० चाच असतो, आणि रंग फिके. किंडल स्क्राइबसारखे मोठे ई-रीडरही आहेत, पेनाने लिहिता येतं, पण त्या पैशात चांगला टॅब येतो आणि माझं बजेट पंचवीस हजारांच्या आत होतं.

म्हणून दुसऱ्या वर्षी टॅब. यावेळी मी जाहिरात न बघता पट्टी घेऊन बसले. प्रत्येक टॅबच्या पडद्याची लांबी-रुंदी काढली आणि पुठ्ठ्याचे तेवढे तुकडे कापून नोट्सच्या पानावर ठेवून बघितले. त्यातून जी गोष्ट कळली ती दुकानात कुणी सांगत नाही. इंच जास्त म्हणजे पान मोठं दिसेल असं नसतं. सॅमसंगचा टॅब एस सिक्स लाइट १०.४ इंची, पण उभा धरला की रुंदी साधारण १३.६ सेंटिमीटर, कारण तो उंच आणि अरुंद आहे. जुना १०.२ इंची आयपॅड कागदावर लहान, पण रुंदी १५.५, त्यामुळे ए-फोर पान त्यावर मोठं बसतं, साधारण ७० टक्के, तर एस सिक्स लाइटवर ६५. आणि १०.९ इंची आयपॅडचा आकार तर ए-फोरच्या खूपच जवळ, त्यावर पान ७५ टक्के दिसतं. निव्वळ वाचायचं असेल आणि पैसे असतील तर आयपॅडच घ्या, मी हे मनापासून सांगतेय. पण त्याची पेन्सिल वेगळी विकत घ्यावी लागते, आणि तिथे माझं गणित संपलं.

मी एस सिक्स लाइट घेतला, सेलमध्ये बजेटमध्ये बसला. मुख्य कारण पेन. एस पेन बॉक्समध्येच येतो, त्याला चार्जिंग लागत नाही, टॅबच्या कडेला चिकटतो. मेमरी कार्ड टाकता येतं, आमच्यासारख्या स्कॅनवाल्यांना ते लागतंच, आणि इयरफोनची पिन आहे. अरुंदपणावर उपाय म्हणजे रीडएरासारख्या अॅपमध्ये पानाचे समास (मार्जिन) कापायचे. जुन्या संहितांच्या पानाला चारही बाजूंनी भरपूर मोकळी जागा असते, ती कापली की टीका बिनझूमची वाचता येते. बाकी पीडीएफ सॅमसंग नोट्समध्ये उघडून वर पेनाने लिहायचं. श्लोकाचा अन्वय, म्हणजे शब्दांची सरळ वाक्यातली जुळणी, मी ओळींच्या मधल्या जागेत लाल रंगाने लिहिते, आणि स्क्रीन दोन भागांत करून एकीकडे संहिता, दुसरीकडे स्वतःच्या नोट्स. क्लासमध्ये सर बोलत असताना हे जे होतं ना, ते ई-रीडरवर कधीच झालं नसतं.

आता त्रासाचं. टॅब अर्धा किलोच्या आसपास, झोपून वाचताना मनगट दुखतं, स्टँडचं कव्हर घ्याच. एलसीडी पडदा कुठलाही असो, उन्हात काही दिसत नाही, एसटीत खिडकीशी बसलं की स्वतःचाच चेहरा दिसतो. रात्री दोन-तीन तास सलग वाचलं की डोळे चुरचुरतात. आणि ४ जीबी रॅमच्या कुठल्याही टॅबवर तीनशे-चारशे एमबीचं स्कॅन रडत रडत उघडतं, त्यामुळे मी मोठ्या फाइलचे संहितेच्या स्थानानुसार, म्हणजे विभागानुसार, तुकडे केलेत, सूत्रस्थान वेगळं, निदानस्थान वेगळं.

आणि ई-रीडर विकला नाही! त्याचं खरं काम नंतर सापडलं. हैदराबादच्या एनआयआयएमएच या भारतीय वैद्यकाच्या वारशावर काम करणाऱ्या संस्थेने ई-संहिता ऑनलाइन ठेवल्या आहेत, चरक, सुश्रुत वगैरे, आणि तो मजकूर युनिकोड आहे, फोटो नाही. त्यातून मला पाठ करायचे श्लोक मी एका फाइलमध्ये घेतले, कॅलिबर या सॉफ्टवेअरमध्ये ईपब केलं आणि ई-रीडरवर टाकलं. चरकाच्या सूत्रस्थानातल्या चौथ्या अध्यायात ५० महाकषाय, म्हणजे औषधी द्रव्यांचे गट आहेत, प्रत्येकात दहा द्रव्यं, ते पाठ करताना किती जीव जातो हे बीएएमएसवाल्यांनाच माहीत. सकाळी गच्चीवर उन्हात फिरत फिरत मोठ्या अक्षरात ते म्हणायचे, मशीन दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचं, हाताला कळतही नाही, मध्ये व्हॉट्सअॅप वाजत नाही, बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. कारण एकदा पान उमटलं की ते तसंच ठेवायला वीज लागत नाही. माझे जीवनीय ते वयःस्थापन असे पन्नासही महाकषाय त्याच्यावरच पाठ झाले.

तेव्हा ज्यांचं वाचन बीए-एमएच्या मजकुराचं आहे आणि पुस्तक ईपबमध्ये मिळतं, त्यांनी खुशाल ई-रीडर घ्या. इंजिनिअरिंग, मेडिकल, आमच्यासारखे संहितावाले, स्कॅनवर जगणारे, त्यांनी एकच मशीन घ्यायचं असेल तर दहा इंचांच्या वरचा, पेन चालणारा टॅब. पेन चालतो का हे वेगळं विचारा, कारण टॅब ए नाइन प्लस ११ इंची आहे पण त्याला एस पेन चालत नाही, आणि हे घरी आल्यावर कळलेली माझ्याच मजल्यावर एक मुलगी आहे. दुकानात जाताना आपली सगळ्यात खराब पीडीएफ फोनमध्ये घेऊन जा आणि डेमो पीसवर तीच उघडायला लावा, ते लोक समुद्राचे व्हिडिओ दाखवतात त्यावर जाऊ नका. आणि टॅबवर लिहायला लागलात की दर रविवारी लिहिलेल्या फाइल पीडीएफ करून ड्राइव्हवर टाका, माझ्या रूममेटचा टॅब परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रीसेट झाला आणि वर्षभराचा अन्वय गेला, ती दोन दिवस जेवली नव्हती.