पाटी चांगली आहे, पण खोक्यातून निघते तशीच लावू नका

माझं चष्म्यांचं दुकान आहे. दारावर एलईडीची पाटी लावून आता वर्ष होत आलं. पाचापैकी साडेतीन तारे देते. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण या पाट्यांच्या पोटात बहुतेक एकच माल असतो: पी-१० मॉड्यूल, ते चालवणारं कंट्रोल कार्ड, पॉवर सप्लाय आणि पत्र्याची पेटी. पी-१० म्हणजे दोन दिव्यांत १० मिलिमीटर अंतर. एक मॉड्यूल ३२० बाय १६० मिलिमीटरचं, त्यात ५१२ दिवे. माझ्या पाटीत अशी बारा आहेत, आडवी सहा आणि उभी दोन. रंग एकच, पांढरा.

चांगलं आधी सांगते. भर उन्हात रस्त्यापलीकडून वाचता येते. पावसाचं पाणी आत शिरलं नाही. एक मॉड्यूल मंद झालं होतं, ते चार स्क्रू काढून मीच बदललं. मजकूर फोनवरून बदलतो, शिडी लागत नाही. (फोन पाटीला जोडायचा पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला. माझ्या कार्डाला कारखान्यातून आठ वेळा आठ असा पासवर्ड होता, म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवल्यासारखं.)

एका मॉड्यूलच्या उंचीची, म्हणजे दिव्यांच्या सोळा ओळींची पाटी मराठीसाठी घेऊ नका. वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, एवढं सगळं सोळा दिव्यांत मावत नाही. ‘दृष्टी’ लिहिलं तर नुसता पांढरा गोळा दिसतो. बत्तीस ओळी हव्यातच. त्यातही माझ्या अ‍ॅपला देवनागरी जोडता येत नाही: पाय मोडलेली अक्षरं सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. उपाय एकच, मजकूर संगणकावर चित्र म्हणून बनवायचा आणि ते चित्र चढवायचं. अर्धा तारा इथे कापला.

उरलेला एक तारा गेला तो नियमांपायी. विक्रेत्याने सांगितलं होतं, “ताई, जुन्या पाटीचा परवाना आहे ना, मग झालं.” झालं नाही. रंगवलेली पाटी काढून तिथे दिव्यांची लावली की बऱ्याच शहरांत ती नवी पाटी धरतात. नवा अर्ज, मापांसह नकाशा, भिंतीला कशी बसवणार त्याचं चित्र, विजेची जोडणी कोणी केली त्याचा कागद. जुनी पाटी आजच्या मापात बसत नसली तरी पूर्वीची म्हणून चालवून घेतलेली असेल, तर ती सवलतही त्या बदलाबरोबर जाऊ शकते. हे मला पाटी चढल्यावर कळलं, नोटीस हातात पडली तेव्हा.

नोटिशीत तीन आक्षेप होते: लुकलुकते, फार भराभर बदलते, रात्री फार प्रखर आहे. तिन्ही खरे होते, आणि त्यातलं एकही मी मुद्दाम केलेलं नव्हतं! पाटी सुरू केली की ती आपणहूनच तशी चालते. अ‍ॅपमध्ये मजकूर आणण्याचे तीसेक प्रकार आहेत: सरकत, उडत, पडद्यासारखा, बर्फासारखा. नियमात बसतो तो एकच, ‘लगेच’. आमच्याकडे सरकती अक्षरंही चालत नाहीत. एक मजकूर किमान आठ सेकंद स्थिर राहिला पाहिजे आणि दुसरा एका झटक्यात आला पाहिजे. आठाचा आकडा पुष्कळ शहरांच्या नियमांत सापडतो. अमेरिकेच्या महामार्ग खात्याने २००७ साली रस्त्याकडेच्या डिजिटल फलकांसाठी चार ते दहा सेकंदांची मर्यादा योग्य मानली आणि आठ सेकंदांची शिफारस केली होती.

आधी मी चिडले. मग लक्षात आलं, सरकायचं नाही म्हटल्यावर जे सांगायचं ते एका नजरेत मावायला हवं. ‘आमच्या येथे डोळ्यांची अत्याधुनिक संगणकीय तपासणी’ गेलं आणि ‘डोळे तपासणी’ उरलं. पूर्वीचं वाक्य पुरं होईपर्यंत उभं राहायला कोणाला वेळ होता?

प्रखरतेचा मुद्दा मात्र मला नोटिशीच्या आधीच कळायला हवा होता. धंदाच डोळ्यांचा. संध्याकाळी एक काका आले, मोतीबिंदूची सुरुवात असलेले. दारातच थबकले आणि म्हणाले, “तुमच्या पाटीखालची पायरी दिसत नाही हो.” मोतीबिंदूच्या डोळ्यात प्रकाश पसरतो, त्यात अंधाराने बाहुली मोठी झालेली. हे मी रोज लोकांना समजावते, आणि माझ्याच दारावर हा प्रकार.

दिवसा उन्हाशी टक्कर द्यायला पाटी प्रखर लागते, रात्री तीच डोळ्यांत घुसते. म्हणून नियमांत दोन आकडे असतात. अनेक ठिकाणी दिवसा ५००० निट (निट म्हणजे पाटी किती प्रखर आहे ते मोजायचं एकक) आणि रात्री ५०० किंवा त्याहून कमी. निट मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, पण तपासणीच्या तक्त्यावरचा उजेड मोजायला लक्समीटर आहे. त्यासाठी दुसरी रीत आहे: पाटीचं चौरस फुटांतलं क्षेत्रफळ गुणिले शंभर, त्याचं वर्गमूळ, तितके फूट लांब उभं राहायचं. पाटी बंद असताना एकदा मोजायचं, सगळे दिवे लावून पुन्हा मोजायचं. फरक ०.३ फूटकँडलपेक्षा, म्हणजे सव्वातीन लक्सपेक्षा जास्त नको. माझं क्षेत्रफळ ६.६, म्हणून अंतर सुमारे २६ फूट. अ‍ॅपमधल्या प्रखरतेच्या सोळाव्या पायरीवर फरक आला साडेपंधरा लक्स. तिसरीवर २.९. रात्री आता तिसरीच असते.

पण ती पायरी रोज हाताने कोण बदलणार? कार्डात वेळ लावता येते, पण ऋतूप्रमाणे दिवस मावळायची वेळ सरकते आणि ढगाळ दुपारी घड्याळाला काही कळत नाही. उजेड पाहून आपोआप मंद करणारा सेन्सर लागतो, आणि तो पाटीबरोबर मिळत नाही. पेटी उघडली तर कार्डावर त्याची जागा तयार होती, रिकामी. नियमाला जे लागतं ते वेगळं विकत घ्यायचं आणि नियम मोडणारे तीस प्रकार फुकट! घेताना हे विचारून घ्या. आणि हेही विचारा, की बिघाड झाला तर पाटी काळी होते की अर्धवट चमकत राहते. बऱ्याच नियमांत काळीच व्हावी लागते. माझी होत नाही, एकदा रात्रभर कोपरा फडफडत होता. तेव्हापासून दुकान बंद करताना मी मेन स्विचच पाडते. फ्रान्समध्ये तर दुकान बंद असेल तर रात्री १ ते सकाळी ६ पाटी विझवावीच लागते.

शेजारच्या दुकानदाराने विचारलं होतं, माझी जाहिरात तुझ्या पाटीवर फिरवशील का. नाही म्हटलं. आपल्याच दुकानाची पाटी आणि दुसऱ्याची जाहिरात यांना नियम वेगळे असतात. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात पहिलीला डिजिटल व्हायची मुभा होती, दुसरीला नव्हती, आणि तो फरक तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ग्राह्य धरला. एका शेजाऱ्यासाठी मी इतक्या लांब जाणार नाही.

सेन्सर बसवल्यावर ते काका चष्मा न्यायला आले. पायरी नीट चढले, वर पाहिलं आणि म्हणाले, “पाटी बदललीत का?”

म्हटलं, “नाही काका, तीच आहे.”

“मग आधी वाचता का येत नव्हती?”