रिंगणातला पाठलाग की हातातलं गाजर?
घोडा मारून-झोडून वठणीवर आणणं मला मान्यच नाही. म्हणून ही तुलना घोडा शिकवण्याच्या, सौम्य म्हणवणाऱ्या दोन रीतींची.

पहिली कॅलिफोर्नियाचे अश्वप्रशिक्षक मॉन्टी रॉबर्ट्स यांची ‘जॉइन-अप’. १९८९ मध्ये राणी एलिझाबेथ यांनी त्यांना विंडसरला बोलावून ती पाहिली. गोल रिंगणात मोकळ्या घोड्याला पळवत ठेवायचं; रिंगणाच्या आतल्या बाजूचा कान माणसाकडे वळला, ओठ चाटणं सुरू झालं, मान खाली आली, की पाठ फिरवून उभं राहायचं. घोडा आपणहून मागे येतो. बघताना थक्क व्हायला होतं. पण तो येतो ते विश्वासानं, की पळवणं थांबलं म्हणून? रिंगणाबाहेर जायची त्याला सोयच नसते, हे मला फार खटकतं.

दुसऱ्या रीतीत घोड्यानं हवं ते केलं की क्लिकरचा (दाबल्यावर ‘टक्’ वाजणाऱ्या छोट्या डबीचा) आवाज आणि लगेच गाजर. नको वाटलं तर घोडा निघून जाऊ शकतो. वेळ लागतो, आणि खाऊ देण्यात शिस्त नसेल तर तो खिसे हुंगतो, चावतोही.

घाबरट शिंगरासाठी मी दुसरीच निवडेन. रस्त्यावर बुजलेला घोडा आवरायचा तर मात्र लगामाचा हलका दाब आणि प्रतिसाद मिळताच ढील, हे त्याला आधी शिकवलेलं हवंच.