घड्याळाचा सेल संपला होता, बिल मात्र मदरबोर्डचं

कॉम्प्युटरचं घड्याळ रोज मागे जातंय म्हणून कोणी 'बोर्ड गेला', म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी (मदरबोर्ड) गेली, असं सांगत असेल, तर पैसे काढण्याआधी हे वाचा. डिचोलीत आमच्या घरी यंदाच घडलेलं आहे.

मे महिन्यात गडगडाट सुरू झाला की आमच्याकडे रात्री सगळे प्लग काढून ठेवतात. तेव्हापासून रोज सकाळी तेच. काळ्या स्क्रीनवर 'एफ१ दाबा' अशी ओळ आणि तारीख कित्येक वर्षांपूर्वीची. बँकेची साइट तर उघडेचना. साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतंच चालतं, आणि आमच्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने त्या तारखा अजून उजाडायच्याच होत्या.

बाजारातल्या एका दुकानात नेला. तिथल्या पोराने झाकणही न काढता निदान केलं, "काकी, टायमिंगचा आयसी उडालाय. बोर्डच बदलूया, नाहीतर हार्ड डिस्कपण जाईल."

"आधी आतला सेल बदलून बघ ना," म्हटलं, तर हसला. "सेल काय काकी, तो फक्त घड्याळाला असतो."

अहो, माझी तक्रार घड्याळाचीच होती की!

पण हार्ड डिस्कचं नाव काढलं की माणूस घाबरतो. शिकवणीच्या सगळ्या प्रश्नपत्रिका तिच्यात. साडेपाच हजार ठरले. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वर पडेल. मी हटून बसले तेव्हा एका चिठ्ठीवर 'मदरबोर्ड चेंज ५,५००' असं लिहून दुकानाचा शिक्का मारून दिला. घरी आल्यावर घड्याळ बरोबर चालू लागलं, पण कॉम्प्युटर मात्र म्हातारा झाल्यासारखा रखडायला लागला.

चवथीला भाचा आला. तो फर्मागुडीला इंजिनीअरिंग शिकतो. त्याने झाकण काढलं आणि मूळ खरेदीचं बिल मागितलं. बिलावरचा सीरियल नंबर आणि बोर्डच्या कडेवरचा नंबर एकच! विकणाऱ्याने पेनाने तारीख घातलेला वॉरंटीचा स्टिकरही जुन्या धुळीसकट जागच्या जागी. आत नवा होता तो फक्त नाण्याएवढा चकचकीत सेल. आणि रॅमच्या, म्हणजे काम करताना लागणाऱ्या मेमरीच्या, दोन पट्ट्यांपैकी एक गायब. आठ जीबीचे चार झाले होते. सेल तीस-चाळीस रुपयांना मिळतो, वर रॅमची पट्टी काढून घेतलेली. दुरुस्ती म्हणायची की दरोडा?

या सेलचा नंबर सीआर२०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, म्हणजे माप नावातच आहे. व्होल्टेज ३. कॉम्प्युटर प्लगला असतो तेव्हा घड्याळ बहुधा विजेवरच चालतं. प्लग काढला की सगळा भार सेलवर. रोज प्लग काढणाऱ्या घरात तो लवकर संपतो तो त्यामुळेच. बदलायचा तर वीज बंद करून प्लग काढा, बाजूची क्लिप हलकेच दाबा, जुना वर येतो. नवा 'अधिक' चिन्ह वर ठेवून बसवा आणि बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, तारीख-वेळ घाला. लॅपटॉपचं मात्र निराळं, त्यात सेल बऱ्याचदा वायरीला जोडलेला असतो. आणि तारीख बरोबर, पण वेळ नेमकी साडेपाच तास मागे-पुढे असेल, तर सेललाही हात लावू नका. टाइम झोन तपासा.

दुकानात ठेवायचाच असेल तर झाकण उघडून बोर्डचा नंबर आणि रॅमच्या पट्ट्यांचे फोटो त्या माणसासमोरच काढा. बोर्ड बदलला म्हणतील तर जुना बोर्ड परत मागा. पक्कं बिल घ्याच.

भाच्याला घेऊन दुकानात गेले, तर "बदलला कुठे म्हटलं, रिपेअर केला" अशी पलटी. मग चिठ्ठी पुढे ठेवली आणि तिथूनच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन लावला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे भाच्याने त्याला मोठ्याने ऐकवलं. गिऱ्हाइकं बघत होती. रॅमची पट्टी खणातून निघाली, तीन हजार परत मिळाले. बाकीच्यासाठी पुढच्या महिन्यात या म्हणतो, आणि येताना ती चिठ्ठी घेऊन या म्हणतो. चिठ्ठीची झेरॉक्स नेणार आहे.